गांजाचा पास

आमचे बाबा वनरक्षक होते. सगळी नोकरी आलापल्ली-अहेरीच्या सागवानात गेली, पण आमच्या घरचा पाट आंब्याच्या लाकडाचा, तोही बाजारातून विकत आणलेला. लोक हसायचे. बाबांना त्याचं काही नव्हतं. रस्त्यात बैलबंडी दिसली की त्यांचा पहिला शब्द ठरलेला, "पास दाखव." बांबूचा पास, जळतणाचा पास, डिंकाचा पास. सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याची बांबू भरलेली बंडी त्यांनी बैलांसकट जप्त केली होती. आत्या त्यानंतर कितीतरी दिवस आमच्याकडे फिरकली नाही.

खर्रा मात्र ते दिवसभर चघळायचे. सुपारी-तंबाखू घोटून केलेल्या त्या पुडीला कोणताच पास लागत नव्हता. निवृत्तीनंतर दोनच वर्षांत, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, त्यांच्या जबड्यात कॅन्सर निघाला. नागपूरच्या डॉक्टरांनी तपासलं, आता काही करण्यासारखं नाही म्हणाले, आणि घरी पाठवलं. आई आधीच गेलेली. मी अंगणवाडीत सेविका होते, सासर गावातच, तेव्हा बिऱ्हाड उचलून बाबांकडे आले. आत्याही आली. बंडीचा राग तिने गिळला, पण टोमणा काही गिळला नाही.

दुखणं कसं असतं ते मी तेव्हा पाहिलं. धिप्पाड माणूस भिंतीला डोकं लावून बसायचा आणि कण्हायचा. सरकारी दवाखान्यातल्या गोळ्यांनी डोकेदुखीही उतरली नसती, तर हे काय उतरणार! देवा, याला झोप दे नाहीतर उचल, असं मी एकदा तोंडाने बोलले आणि माझी मीच दचकले.

आणि एका सकाळी पाहते तर बाबा गाढ झोपलेले. आत्याने कुठलीशी मुळी दुधात उकळून पाजली होती म्हणे. दुपारी उठून त्यांनी पेज मागितली. मागितली! दोन चमचे, चार चमचे, वाटीभर पेज पोटात गेली. मी आत्याचे पाय धरायचेच बाकी राहिले होते.

असे चार-पाच दिवस गेले. मग एकदा बाबांनी दुधाची वाटी तोंडाशी नेली, नाकाशी धरली आणि थांबले. नाक त्यांचं पहिल्यापासून तिखट.

"हे काय हाय?" बोलणं बोबडं झालं होतं, पण धाक तोच.

"जडीबुटी," आत्या म्हणाली.

"गांजा हाय हा. म्या उपटला हाय जंगलातून पोलिसासंग."

मी हबकलेच. गांजा! आमच्या घरात! माझा पदर तोंडाला गेला. आत्या मात्र कंबरेवर हात देऊन उभी राहिली. "हो, गांजा हाय. सिरोंच्याकडच्या वैदानं देल्ला. झोपला ना बाप्पा त्यानं? मंग?"

बाबांनी वाटी जमिनीवर उपडी केली. सगळं दूध मातीत. आणि म्हणाले, "पास हाय का याचा?"

आत्याला हसू फुटलं, मलाही. मरायला टेकलेला माणूस आणि पास काय मागतो! पण ते चेष्टा करत नव्हते. मला जवळ बसवून तुटक तुटक समजावलं. सागवान तोडायला बंदी, पण पास निघतो. आपल्या जिल्ह्यात दारूबंदी, पण आजाऱ्याला डॉक्टरच्या सहीने परमिटचं कार्ड भेटतं म्हणतात. मग याचंही कार्ड असेलच. सरकार कुठलीच वाट पुरी बुजवत नाही, अर्ज करावा लागतो. "तू अर्ज कर, बाई. पास आण. मंग पेतो."

"अन् तोवर?" मी म्हटलं.

"तोवर नाई."

आत्या संतापली. "माया नवऱ्याची बंडी धरली, आता सोताचीच धरून राह्यला का रे?" बाबांनी तोंड फिरवलं. त्या दिवसापासून कण्हणं पुन्हा सुरू झालं. घरात औषध असून माणूस कण्हतोय, हे ऐकत बसणं म्हणजे काय ते कोणाला सांगू नये.

मी अर्ज लिहिला. बाबांनी सांगितला तसा, विनम्र विनंतीपासून आपली नम्रपर्यंत. एसटीने गडचिरोली गाठलं आणि दारूबंदीचं काम पाहणारं ऑफिस विचारत विचारत गेले. टेबलामागच्या बाबूने अर्ज हातात घेतला, वाचला, आणि त्याच्या चेहऱ्याचा रंगच गेला. उठून त्याने आधी दार लोटलं.

"बाई, हा कागद आणखी कोणाले दाखवला काय?"

"नाही. पयले तुमच्याकडेच आली."

"घरी माल आहे काय?"

आता यात लपवायचं काय? मी सांगितलं, "आहे ना. चहापत्तीच्या डब्यात."

त्याने कपाळावर हात मारला. "अवं बाई, हळू बोला! जेलात जाता काय?" मला काही कळेचना. मी काय चोरी करायला आले होते? चोर कधी अर्ज घेऊन येतो का? हे मी त्याला विचारलंही, चांगलं मोठ्याने. त्याने उत्तर न देता माझा अर्ज उभा फाडला, मग आडवा फाडला, आणि तुकडे खिशात घातले.

"माया अर्ज काऊन फाडला?" मी त्याच्या खिशाकडे हात केला.

"तुमच्यासाठीच फाडला. ह्याचं कार्ड नसते बाई. कोणालेच नसते. मरणाऱ्याले बी नाई. तुमी इथी आल्याच नाई, मी तुमाले पाह्यलंच नाई. जा."

बाहेर पायरीवर बसून मी ढसाढसा रडले. मग वाटलं, आलेच आहे तर मोठ्या दवाखान्यात विचारू. तिथला डॉक्टर भला माणूस होता. सगळं ऐकून घेतलं, हसला नाही, दटावलं नाही. म्हणाला, "गांजाचं सोडा. पण अशा दुखण्यावर खरं औषध आहे. अफूपासून करतात, त्याच्या गोळ्या मिळतात. अगदी कायद्यातलं औषध."

मी उभीच राहिले. "मग द्या ना!"

"आमच्याकडे नाही. ते ठेवायला वेगळा परवाना लागतो, बऱ्याच सह्या लागतात. आमचा परवाना झालेला नाही. चंद्रपुरालाही मिळेल असं वाटत नाही. नागपुरात बघा, पण पेशंटलाच न्यावं लागेल, आणि तिथंही असेलच असं नाही."

बाबांना अंगणापर्यंत नेताना दोघीजणी लागत. नागपूर कुठलं! मी त्या डॉक्टरच्या तोंडाकडे बघतच राहिले. औषध आहे, दुखणं आहे, कायदासुद्धा हो म्हणतो, आणि तरी गोळी नाही. दारू प्यायलेल्या माणसाने असं सांगितलं असतं तर मी सोडून दिलं असतं. हा तर शुद्धीतला, शिकलेला माणूस शांतपणे सांगत होता. त्याने त्याच जुन्या गोळ्या लिहून दिल्या आणि मी त्या घेतल्या.

घरी आले तेव्हा बाबा भिंतीला टेकून वाटच बघत होते. "भेटला?"

खोटं बोलायचं मनात आलं. एखादा शिक्का मारलेला कागद दाखवला असता तर ते प्याले असते. पण त्यांच्यापुढे खोटा पास धरायची माझी छाती झाली नाही. बाबूचं सांगितलं, डॉक्टरचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं.

"कोणालेच नाई?"

"कोणालेच नाही, बाबा."

"अन् गोळीचा पास दवाखान्यालेच नाई?"

"नाही."

रात्रभर ते भिंतीला टेकूनच बसले. सकाळी मात्र आत्याला खूण केली, दूध कर. आत्याने चहापत्तीचा डबा काढला. मी दार लावायला गेले, तर बाबांनी हात वर करून मला अडवलं. "खुर्ची भायेर टाक. चोरून नाई पेत."

आमच्या घरासमोर रस्ता, आणि रस्त्यापलीकडे जंगल नाका, लाकडाच्या गाड्यांचे पास तपासणारा. बाबांनी स्वतः त्या नाक्यावर नोकरी केलेली. मी म्हटलं, बाबा, असं करू नका, आत्यालाही नेतील, मलाही नेतील. त्यांनी ऐकलं नाही. आम्ही दोघींनी धरून त्यांना रस्त्याच्या कडेला बसवलं. उन्हात, सगळ्यांसमोर. वाटी हातात घेऊन त्यांनी नाक्यावरच्या गार्डाला हाक मारली. हा गार्ड त्यांच्याच हाताखाली शिकलेला. तो पळत आला.

"ह्याच्यात गांजा हाय," बाबा म्हणाले. "पास नाई."

गार्डाने वाटीकडे पाहिलं, बाबांच्या सुजलेल्या जबड्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "प्या भाऊ, प्या. आराम पडते." आणि ट्रक आला म्हणून फाटक उचलायला निघून गेला.

बाबा प्याले. सावकाश, हनुवटीवर ओघळलेलं पुसत पुसत, सगळं. सुटलो बाई, म्हणून मी श्वास सोडला आणि त्यांच्याकडे पाहिलं, तर ते गार्डाच्या पाठीकडे बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून घळघळा पाणी चाललं होतं.

"म्या नसता सोडला, बाई," ते म्हणाले. "म्या नसता सोडला."