म्होरक्या उठेना

डॉक्टरांनी बायकोच्या छातीतली गाठ कॅन्सरची असल्याचं सांगितलं, त्याच आठवड्यात मी खंडोबाला नवस बोललो. तिचे रिपोर्ट चांगले येईपर्यंत दर रविवारी संध्याकाळपर्यंत फक्त पाणी. ताटभर साबुदाण्याची खिचडी खाऊन कसला उपास, हे माझं जुनं मत. ऑफिसातही मी नियमाचा माणूस म्हणून ओळखला जातो आणि लोक ते कौतुकाने म्हणत नाहीत. चार महिने उपचार चालले तरी गाठ म्हणावी तशी कमी होईना. देव ऐकतो की नाही, ही शंका मनात यायची. शंका आली की मी नियम आणखी घट्ट करायचो.

रविवारी घरात बसवत नसे. बायकोच म्हणायची, जाऊन या, मी जरा पडते. मग पहाटे जुळे सोलापुरातल्या घरातून सायकल काढायची आणि मंगळवेढ्याच्या रस्त्याला लागायचं. मला स्वतःला मधुमेहाची गोळी आहे, ती मी न चुकता घ्यायचो. औषध चुकवायचं नाही आणि उपासही मोडायचा नाही. दोन्ही नियम एकदम पाळले तर काय होईल, हे पन्नाशी ओलांडलेल्या शिकल्यासवरल्या माणसाला सुचलं नाही.

त्या रविवारी पहिल्यांदाच मंगळवेढं ओलांडून सांगोल्याच्या बाजूला गेलो. दोन्हीकडे माळ, मधूनच डाळिंबाची बाग. उताराच्या तोंडाशी मेंढरांनी रस्ता अडवला होता. मी घंटी वाजवली, ओरडलो. मेंढरं राखणाऱ्या बाईला नको ते बोललो. एरवी मी बाईमाणसावर आवाज चढवत नाही. हात थरथरत होते आणि थंड घाम सुटला होता, पण ते रागानेच, अशी माझी समजूत.

बाईने माझ्याकडे नीट पाहिलं. "आण्णा, उतरा खाली. साखर हाय का तुमाला?"

मी मान हलवली आणि सायकलीसकट कडेला बसलो. साखर एकदम उतरली की तिच्या सासऱ्यालाही असंच व्हायचं म्हणे. तिने कळपातली एक शेळी धरली, पितळी तांब्यात दूध काढलं, पिशवीतला गूळ त्यात कुस्करला आणि तांब्या पुढे केला. मी म्हणालो, "नको. आज खंडोबाचा उपास आहे."

"मेंढरं कुणाची? त्येचीच की. मग ह्ये दूध बी त्येनंच दिल्यालं न्हाय का? प्या गुमान."

मी प्यालो. थोड्या वेळाने डोळ्यांपुढचा धूसरपणा गेला आणि समोरचा उतार दिसला. खाली वळण होतं, वळणावरून भरलेला ट्रक वर येत होता. बाई रस्त्यात फतकल मारलेल्या बोकडाला शिव्या घालत होती. "ह्यो म्होरक्या. ह्याच्या मागनं समदी चालत्यात. रोज वढ्याकडनं जातो आमी, आज हितं येऊन बसलाय आन् उठंना."

यावर मी काही भाष्य करत नाही. झालं ते असं झालं.

एका टेम्पोत सायकल टाकून घरी आलो आणि बायकोला सगळं सांगितलं. उपास मोडला म्हणून मला अपराधी वाटत होतं. ती म्हणाली, "अहो, तुम्ही उपाशीपोटी रस्त्यावर आणि मी एकटी ताट घेऊन बसू? रविवारी मीही चहावरच असते. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

तिचं वजन का उतरतंय, असं डॉक्टर दर खेपेला विचारत होते. मी औषधांना दोष देत होतो. जिच्यासाठी उपास धरला, तिलाच मी उपाशी ठेवत होतो. त्या दिवशी मी तिच्यासमोर रडलो.

त्या बाईचं नाव विचारायचं राहूनच गेलं. रविवारी देवापुढे भंडारा लावताना तिला हात जोडतो, आणि हो, त्या बोकडालाही. खंडोबाला आता मी अट घालत नाही. पुढचा रिपोर्ट यायचा आहे, तो कसा येईल हे त्याच्यावर सोडलंय. सायकल अजून काढतो, पण सकाळी दोघं जेवल्यावर.

गेल्या रविवारी तिने आणखी अर्धी भाकरी मागून घेतली.