फाटकी वाकळ आणि मदिनाची दुवा

रूथबाई सातपुते म्हणजे कोल्हापुरातल्या चर्चच्या महिला मंडळाचा कणा. मिशनच्या शाळेत मुलींना शिवणकाम शिकवून निवृत्त झालेल्या या विधवा बाई दर बुधवारी बायकांना पवित्र शास्त्र समजावून सांगत. त्यांचा आवडता विषय एकच, देणं. सारफथच्या विधवेनं घरात मूठभर पीठ उरलेलं असताना आधी एलीया संदेष्ट्याला भाकर करून दिली, ही गोष्ट त्या अशी रंगवायच्या की ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावायचे. देवाला लंगडं कोकरू चालत नाही, द्यायचं ते कळपातलं चांगलं, असं त्या ठासून सांगायच्या.

एका पावसाळ्यात कृष्णा फुगली आणि शिरोळकडची घरं पाण्यात गेली. कोल्हापुरात ज्यांचं कुणी नव्हतं, अशा कुटुंबांना पाद्रीसाहेबांनी चर्चच्या हॉलमध्ये आसरा दिला. घरटी एक पांघरूण द्या, असा निरोप फिरला.

रूथबाईंच्या ट्रंकेत लेकानं पाठवलेलं कोरं लोकरी ब्लँकेट होतं. त्यांनी ते बाहेर काढलं, त्यावरून हात फिरवला आणि कुणी पावणंरावळं आलं तर काय द्यायचं, असं मनाशी म्हणत परत ठेवून दिलं. माळ्यावर एक जुनी वाकळ पडली होती, कुबट वासाची, एका बाजूला उंदरांनी कुरतडलेली. भोकं आत जातील अशी तिची घडी घालून त्या हॉलवर गेल्या.

रूथबाईंच्या हातून ती वाकळ शिरोळकडून आलेल्या मदिनाच्या वाट्याला आली. तिचा नवरा नबीलाल बैलांना नाल ठोकायचा. त्यांच्या अंगावरच्या कपड्यांखेरीज काही उरलं नव्हतं. मदिनानं तिथंच घडी उलगडली. रूथबाईंना वाटलं, आता ही तोंड वाकडं करणार. पण मदिनानं भोकांकडं पाहिलं, वाकळ मधोमध टराटरा फाडली आणि धड अर्धा भाग शेजारी कुडकुडणाऱ्या धोंडुबाई म्हातारीच्या अंगावर टाकला. कुरतडलेला तुकडा स्वतःला ठेवला.

"धड भाग तुम्हीच ठेवायचा की," रूथबाई कशाबशा म्हणाल्या.

"म्हातारीला हुडहुडी भरलिया. आमी तरणीताठी हाय," मदिना म्हणाली. मग तिनं रूथबाईंचा हात हातात घेतला. "अल्ला तुमच्या हाताला बरकत दिऊ दे, बाई. आमच्यापायी तुमी उघड्या पडला असशीला."

मदिनानं शिवी दिली असती तरी रूथबाईंनी सोसली असती. ही दुवा सोसवेना. त्या तडक घरी गेल्या आणि भर पावसात पदराखाली ब्लँकेट झाकून परत आल्या. मदिना घेईना. बाईनं आता अंथरुणावरचंच काढून आणलं, असं तिला वाटलं. तेव्हा वाटपाला आलेल्या मंडळाच्या सगळ्या बायकांदेखत रूथबाईंना खरं सांगावं लागलं. वाकळ कुणाच्या कामाची नव्हती म्हणून दिली आणि हे चांगलं होतं म्हणून ठेवलं, असं बोलताना त्यांची मान वर होईना.

मदिनानं ब्लँकेट घेतलं, म्हातारीच्या अंगावर नीट पसरलं आणि सरकून शेजारी जागा केली. वाटपात आलेली भाकरी मोडून अर्धी रूथबाईंपुढं धरली. "बसा. खावा," एवढंच म्हणाली. ती भाकरी हातात घेणं रूथबाईंना जन्मात कधी काही जड गेलं नव्हतं इतकं जड गेलं. पण त्यांनी घेतली आणि खाली बसून खाल्ली.

त्यानंतर दर बुधवारी त्या वचन वाचायला दुसऱ्या कुणाला तरी सांगत आणि स्वतः मागं बसत. घरात मात्र चांगलंचुंगलं काही टिकेना; आलं की कुणाच्या तरी दारी जाई. पूर ओसरल्यावर शिरोळला परतलेली माणसं त्यांना विसरली नाहीत. कुणी काकवी आणून द्यायचं, कुणी वानोळा म्हणून वांगी. रूथबाईंच्या हाताला बरकत आहे, असं गल्लीतल्या बायका कौतुकानं म्हणू लागल्या. ते कानावर आलं की रूथबाई खाली बघत आणि काहीतरी काम काढून आत निघून जात.