पिशवी म्हणजे कोणती पिशवी?

रोह्याला डॉ. शालिनीबाईंच्या दवाखान्यात मी पहिल्यांदा गेले ती डॉक्टर म्हणून नोकरी मागायला. बाईंनी माझ्या गुणपत्रिकेकडे पाहिलंही नाही. आजवर हातून काय चुकलं, एवढंच विचारलं. मी ताठ मानेनं म्हटलं, काहीच नाही. मग तू अजून कामच केलेलं नाहीस, असं म्हणून त्यांनी मला ठेवून घेतलं. तेव्हा मला भयंकर राग आला होता, हे बाईंच्या पंच्याहत्तरीला कबूल करते.

वर्षभरात त्यांचं म्हणणं खरं ठरलं. पेणच्या खाडीकाठच्या, मिठागरात राबणाऱ्या हिराताई गर्भपिशवी काढून घ्यायला आल्या होत्या. आधीच्या दोन सिझेरियनमुळे लघवीची पिशवी गर्भाशयाला घट्ट चिकटलेली. ती सोडवताना माझ्या कात्रीनं तिला भोक पडलं. मी घाईनं दोरा मागितला. समोरून बाई शांतपणे म्हणाल्या, थांब, आधी नीट बघू. मूत्रपिंडाकडून येणाऱ्या नळ्या शाबूत असल्याची त्यांनी खात्री केली, विरघळणाऱ्या दोऱ्यानं भोक दोन थरांत शिवलं, मग आत निळं पाणी भरून पाहिलं. थेंबही गळला नाही. शेवटचे टाके त्यांनी मलाच घालायला लावले. नाहीतर मी पुन्हा कात्री धरली नसती.

बाहेर हिराताईंच्या नवऱ्याला मी घाईघाईनं सांगितलं, पिशवीला जरा लागलं होतं, शिवलंय. ते हसले. "पिशवी तं काढायचीच व्हती ना?" आमच्याकडे नुसतं पिशवी म्हटलं की गर्भपिशवीच. मला आयती सुटका मिळाली आणि, लाज वाटते सांगायला, मी गप्प राहिले.

बाई मागेच उभ्या होत्या. "ती नव्हे, लघवीची पिशवी. ती आमच्या हातून फाटली. शिवलीय, पण चौदा दिवस लघवीसाठी नळी राहील."

माझ्याकडे बोट दाखवलं नाही, पण मला लपूही दिलं नाही. नवऱ्यानं नळी कशी सांभाळायची ते विचारून घेतलं. मग म्हणाला, "खरं सांगितलंत ना, मंग नळीवर आमी ध्यान ठेवतो."

चौदाही दिवस बाई स्वतः नळी बघायला येत होत्या. ती काढल्यावर हिराताई लघवी करून मोरीतून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "झाली गो बाय, साफ झाली." मी रडले. पुढची पेशंट घे, म्हणून बाईंनी दटावलं.

आज पेणला माझा स्वतःचा दवाखाना आहे. गेल्या महिन्यात माझ्या हाताखालच्या डॉक्टरकडून तसंच भोक पडलं. शिवून झाल्यावर ती पांढरीफटक होऊन दाराशी उभी राहिली. बाई, तुम्हाला उदंड आणि ठणठणीत आयुष्य लाभो; तिच्या आधी बाहेर जाऊन मी नातेवाइकांना म्हणाले, "लघवीची पिशवी. आमच्या हातून."