पंच मशीनचा निकाल

आमच्या कारखान्यात शेठचं बोलणं ऐकू यायचं ते फक्त लाइट गेली की. एरवी अठ्ठेचाळीस माग एकदम धडधडायचे. त्या आवाजात प्रत्यक्ष देव येऊन ‘वर माग’ म्हणाला असता, तरी आम्ही ‘काय?’ म्हणून ओरडलो असतो आणि तो कंटाळून बारडोलीकडे निघून गेला असता. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी सुरतेत, लिंबायतला मामाच्या खोलीत राहायचो आणि शेडमध्ये मामाच्या शेजारचे माग चालवायचो. एका सकाळी लाइट गेली, माग थांबले, आणि ती शांतता पकडून शेठ खुर्चीवर चढला.

“सुनो सब. सोमवार से इधर पंच मशीन लगेगी. कौन टाइम पे आया, कौन लेट आया, फैसला वोही करेगी. तीन बार लेट, तो कायम की छुट्टी. मेरे कूं बीच में नहीं लाने का.”

शेठला म्हणायचं होतं, कार्डावर वेळ छापणारं घड्याळ. मुंबईला कुठल्याशा प्रदर्शनात बघून तो त्याच्यावर भाळला होता. पण समोर उभी होती जळगाव-धुळ्याकडची माणसं. आमच्याकडे बैल शेतात शिरला, बायको माहेरून येईना, बांध सरकला, काहीही झालं तरी पारावर पंच बसतात. अशा माणसांपुढे ‘पंच’ आणि ‘फैसला’ हे दोन शब्द एका दमात उच्चारल्यावर दुसरं काय होणार? संध्याकाळपर्यंत अख्ख्या लिंबायतला ठाऊक झालं की आमच्या शेठनं न्यायनिवाड्यासाठी लोखंडाचा पंच आणलाय.

चहाच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, जशी चर्चा पेटली, तशी संसदेतही झाली नसेल. आमच्यातले सगळ्यात वडीलधारे आप्पा, ज्यांनी गावी तीस वर्षं पंचकी केली होती, त्यांचा पहिलाच आक्षेप बिनतोड होता.

“पंच म्हंजे पाच. हाऊ तं एकच शे. बाकीना चार कोठे शेतस?”

“मागून येतील रेल्वेनं,” कुणीतरी म्हणालं.

“आणि त्याले कान शेतस का? दोन्ही बाजू ऐकाले नको?” आप्पांचा दुसरा आक्षेप.

मामा मशीनच्या बाजूचा. नुसता बाजूचा नाही, प्रचारक. गावच्या पंचांनी एकदा त्याच्या विरुद्ध निकाल दिला होता आणि त्या निकालाआधी समोरच्यांनी पंचांना कोंबडी खाऊ घातली होती, हे दुःख तो सुरतेपर्यंत सोबत घेऊन आला होता. “याला कोंबडी चालत नाही,” तो बाकड्यावर हात आपटून म्हणायचा. “दारू चालत नाही. कोणाचा सोयरा नाही. परदेशी गावचा आहे. असा पंच तुमच्या सात पिढ्यांनी बघितलाय का?”

“अहो, पण आपला पगार मीटरवर. कापड मोजून पैसे घेतो आपण. मग घड्याळ कशाला?” मी म्हणालो.

“भाचेबुवा, तू गप्प बस. तू नववी पास आहेस. पंचकी हा अनुभवाचा विषय आहे.”

सोमवारी भिंतीवर मशीन बसलं. आम्ही नारळ फोडला, हार घातला. हाराचा एक झेंडू आत गेला आणि पहिल्या दिवशी पंचांनी सगळ्यांच्या कार्डावर पिवळा शिक्का दिला. कार्ड आत घातलं की ‘ठण्’ व्हायचं. वेळेवर आलं तर काळी वेळ, उशिरा आलं तर लाल. लाल वेळ आली की माणूस मशीनला हात जोडून आपली बाजू मांडायचा. बायको आजारी होती, रिक्षात बारा जण असल्यामुळे ती चढावर मागे मागे जात होती. मागची रांग त्याला दुजोरा द्यायची. मशीन काही बोलायचं नाही. आप्पा म्हणायचे, “मनावर घेतलंय.”

आता सगळ्यात आधी कोणाला लाल वेळ लागावी? मामाला. कारण रोज सकाळी कामावर येताना तो लारीवर थांबून मशीनच्या निःपक्षपातीपणावर भाषण द्यायचा, आणि विरोधक रोज नवे भेटायचे. पहिल्या लालला तो अभिमानानं म्हणाला, “बघा! मलाही सोडत नाही!” दुसऱ्या लालला जरा कमी अभिमान. तिसऱ्या लालला शेठनं त्याचे माग बंद केले आणि सांगितलं, कल से आना मत.

मामीनं ऐकलं आणि परातीतलं पीठ तसंच ठेवून उभी राहिली. सुरत सोडावी लागली तर गावी तिला दिराच्या ओसरीत राहायला लागणार होतं, जावेच्या हाताखाली. त्या जावेचा स्वभाव असा, की तिच्या नजरेनं दूध नासायचं. दही लागलं असतं तर निदान उपयोग तरी झाला असता.

“लोखंडाच्या पायी माझा संसार मोडला या माणसानं!” मामी कडाडली. “जा, तुमच्या त्या पंचाला म्हणा, मला खायला घाल!”

आप्पांनी तोड सुचवली. गावच्या रिवाजाप्रमाणे निकाल हातात घ्यायचा आणि वरच्या पंचाकडे जायचं. मामा शेठकडे गेला आणि म्हणाला, “शेठ, निकाल लेखी द्या.”

शेठ चिडलेलाच होता. त्यानं तिन्ही लाल कार्डं काढली, त्यांवर कारखान्याचा शिक्का ठोकला आणि मामाच्या अंगावर फेकली. “ले! जा, पूरे सूरत को दिखा!”

मामा आज्ञाधारक माणूस. त्यानं पूर्ण सुरतेला दाखवली. लारीवर, न्हाव्याकडे, भेस्तानच्या साडूकडे. शेवटी वरचा पंच म्हणजे कोण, याचा शोध घेत तो कामगारांच्या सरकारी कार्यालयात पोचला आणि साहेबाला अगदी नम्रपणे विचारलं की हा निकाल योग्य आहे का.

साहेबानं कार्ड उलटसुलट करून बघितलं. “आप इस कारखाने में काम करते हो?”

“नाही साहेब. उशिरा आलो म्हणून काढलं.”

“लेकिन आते थे?”

“आलो म्हणून तर उशीर झाला.”

साहेब खुर्चीत ताठ झाला. कारण कायद्याच्या कचाट्यातून सुटायला शेठनं एका शेडचे कागदावर चार कारखाने केले होते, आणि त्या चारही कारखान्यांत मिळून एकही कामगार नव्हता. कागदोपत्री आमचे अठ्ठेचाळीस माग शेठची सासू, दोन वहिन्या आणि एक स्वर्गवासी आजोबा चालवत होते. आजोबा रात्रपाळीला. आणि आता मामाच्या हातात, शेठच्याच शिक्क्यासह, एक जिवंत माणूस छापलेला होता.

साहेबाचा फोन गेला आणि संध्याकाळी शेठ आमच्या खोलीत. लिंबायतच्या गल्लीत गाडी शिरेना म्हणून चालत आलेला, घामानं थबथबलेला, मागे त्याचे हिशेब लिहिणारे मेहताजी. मामीनं बसायला पोतं दिलं.

“काका, कल से काम पे आ जाओ.”

“कसं येणार?” मामा खरोखर दुखावला होता. “पंचांनी काढलंय. पंचांचा शब्द मोडू? मी?”

“अरे पंच गयो खाडी मां! वो कार्ड मेरे को दे दो.”

“निकाल परत करत नाहीत, शेठ.”

मी मामाच्या पाठीत कोपर मारत होतो, पण हा माणूस स्वतःच्या हकालपट्टीची बाजू अशी लढवत होता की जणू फी घेतली आहे. शेवटी मामी पुढे झाली.

“शेठ, हे येतील. उद्यापासूनच. कार्डं मात्र माझ्यापाशी राहतील. कोणी विचारल्याशिवाय मी दाखवायची नाही. आणि विचारणारा आला तर मला काही लपवता येत नाही, मी भोळी आहे.”

शेठनं मामीकडे बघितलं. एवढ्या वर्षांत त्यानं असली भोळी बाई पाहिली नसावी. चहा न पिताच तो उठला.

दुसऱ्या दिवशी भिंतीवर मशीनच्या जागी चार भोकं आणि सुकलेला हार होता. मामाचे माग सुरू झाले. पण शेठची भीती जाईना. मामा सकाळी आला की तो स्वतः दारात उभा राहायचा आणि घड्याळाकडे न बघता ओरडायचा, “आवो काका, आवो! एकदम टाइमसर!”

मामा मात्र थांबायचा. हल्ली तर तो लारीवर मुद्दाम दुसरा चहा घ्यायचा.

“खोटं नका बोलू, शेठ,” तो म्हणायचा. “उशीर झालाय. लिहून घ्या.”

आणि शेठ खिशातल्या पेनावर हात घट्ट दाबून उभा राहायचा, मामा मागापर्यंत पोचेपर्यंत.