बाबांचा हात पाण्याबाहेर राहिला

आमच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायला आलेली डॉक्टर मुलगी ज्यू आहे हे कळलं, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद माझ्या वडिलांना झाला. आम्ही आरमोरीचे ख्रिस्ती. बाबा जन्मभर एस.टी.त कंडक्टर होते. रिटायर झाल्यावर ते रोज सकाळी बायबल वाचायला लागले, आणि त्यांच्या डोक्यात यहुदी म्हणजे मोशे आणि दावीद. त्यांच्यापैकी कोणी दवाखान्यातली ड्यूटी संपवून स्कूटीवरून घरी येईल आणि वर पाणी येत नाही म्हणून मोटर लावायला सांगेल, हे त्यांना काही दिवस खरंच वाटत नव्हतं.

मुलगी कमी बोलायची. पण नोव्हेंबरच्या अखेरीला तिची आई ठाण्याहून आठवडाभरासाठी आली, आणि ती कसर भरून निघाली. आई शाळेच्या मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झालेल्या. मूळच्या अलिबागकडच्या, मराठी आमच्याहून शुद्ध. बाबांनी पहिल्याच दिवशी त्यांना विचारलं की तुमचे लोक इजिप्तातून निघाले ते इकडे कसे आले. त्या म्हणाल्या, आमचे पूर्वज जहाज फुटून कोकणच्या किनाऱ्याला लागले असं सांगतात. मग तिथेच तेल गाळायचा धंदा केला. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावात शनवार तेली म्हणत.

बाबांच्या चेहऱ्यावर एकदम ओळख पटल्याचा भाव आला. "म्हंजे तुमी तेली. असं सांगा ना बाई. आपल्या इथी अर्धं गाव तेली हाय."

आईंनी समजावून पाहिलं, पण बाबांच्या दृष्टीने प्रश्न सुटला होता.

त्या आल्या होत्या ते मुलीच्या लग्नाच्या तयारीसाठी. लग्न डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात अलिबागला, आणि मुलीला रजा मिळत होती ती अगदी लग्नाच्या तोंडावर, म्हणजे आधीचं जे काही असेल ते इथेच उरकायचं. त्यांच्यात लग्नाआधी नवरीने तबिला करायचा असतो, म्हणजे पाण्यात सबंध बुडी घेऊन शुद्ध व्हायचं. त्यासाठी शहरात मिकवे नावाचं खास कुंड असतं. आरमोरीत ते कुठून आणणार. आईंनी ठाण्याला त्यांच्या जाणत्यांना फोन लावला. उत्तर आलं की झऱ्याची, वाहती नदी असेल तर चालेल, पाणी पुरेसं खोल हवं, आणि अंगाला एक धागाही चिकटलेला नको.

नदी होती. वैनगंगा आमच्यापासून जवळच. अडचण वाघाची होती. त्या वर्षी काठच्या झुडपांत वाघीण फिरत होती आणि वनखात्याच्या लोकांनी बायकांनी एकटं जाऊ नये म्हणून दवंडी दिली होती. "चार माणसं असली म्हणजे जा," असं मी आईंना म्हणाले, आणि तेवढ्यात मला आठवलं की आमच्याच घरातून माणसं त्याच आठवड्यात नदीवर जाणार होती. बाबांचा बाप्तिस्मा होता.

बाबांचा बाप्तिस्मा तान्हेपणी झाला होता, डोक्यावर पाणी शिंपडून, आमच्या मंडळीत चालतो तसा. सत्तर वर्षं त्यांना त्यात काही कमी वाटलं नाही. मग चंद्रपूरला एका लग्नात माझ्या मामाने, जो बुडवून बाप्तिस्मा देणाऱ्या मंडळीत गेलाय, सगळ्यांसमोर सांगितलं की शिंपडलेला बाप्तिस्मा म्हणजे हाफ टिकीट. कंडक्टरला असं बोलायचं नसतं. बाबा घरी आले ते वेगळेच होऊन. आमच्या पाळकांकडे त्यांनी बुडवून मागितला. पाळक तरुण, काडीसारखे बारीक, आणि नियमाचे पक्के. ते म्हणाले, बाप्तिस्मा एकदाच असतो, दुसऱ्यांदा देता येत नाही. तेव्हापासून बाबा दर रविवारी चर्चच्या पायरीवर बसायला लागले. आत येत नसत. अर्धा माणूस आत कसा येणार, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. शेवटी पाळकांनी मधला मार्ग काढला: याला बाप्तिस्मा म्हणायचं नाही, जुन्या वचनाची उजळणी म्हणायचं, आणि ती पाण्यात बुडून करायची, पण एकदाच.

मी दोन्ही कार्यक्रम एकाच सकाळी ठेवायचं सुचवलं. आदल्या संध्याकाळी पाळक ठरवाठरवीला आमच्या ओसरीवर आले. त्यांनीही जन्मात ज्यू माणूस पाहिला नव्हता. आधी ते जरा अंग चोरूनच बसले. मग धीर करून म्हणाले की आम्हाला शिकवताना सांगितलं होतं, बाप्तिस्मा मुळात तुमच्याच स्नानांतून आला.

"येणारच," आई म्हणाल्या. "तुमचा तो बाप्तिस्मा देणारा योहान कोण होता? आमच्यातलाच ना. त्या काळी लोक यरुशलेमच्या देवळात जायच्या आधी कुंडात बुडी मारत. पाण्यात उतरणं लोकांना नवं नव्हतं. त्यानं ते नदीवर नेलं."

पाळक म्हणाले, पण तुमच्याकडे ते पुन्हा पुन्हा करतात. आई म्हणाल्या, हो, आणि स्वतःचं स्वतः बुडतात, कोणी धरून बुडवत नाही. बाहेरचा माणूस आमच्या धर्मात आला तर त्यालाही एकदा पाण्यात उतरावंच लागतं. यावर पाळक पुढे सरकून बसले. म्हणाले, तेच ते, आमचं तिथूनच आलं असणार, नव्या जन्माचं. दोघं बराच वेळ बोलत राहिले. मी दोनदा चहा केला. बाबा कानाला ऐकायचं यंत्र लावूनही अर्धंच ऐकत होते, पण अधूनमधून मान हलवत होते, कारण बाजू कुठली का असेना, बुडवायचं सगळ्यांनाच मान्य दिसत होतं.

आत वेगळंच संकट चाललं होतं. मुलीच्या नाकातली चमकी निघत नव्हती. शाळेत असताना टोचलेली, मागचा फिरकीचा भाग गंजून बसलेला. चमकी राहिली तर तिच्याखालच्या कातडीला पाणी लागणार नाही, म्हणजे बुडी धरली जाणार नाही. मी खोबरेल तेल लावून पाहिलं. मुलगी ड्यूटीवर लोकांना टाके घालते, पण स्वतःच्या नाकाला हात लावला की ओरडत होती. शेवटी आईंनीच चष्मा चढवून, मुख्याध्यापिकेच्या आवाजात हलायचं नाही म्हणून बजावून, चिमट्याने ती काढली. मग तेल नको म्हणून नाक साबणाने तीनदा धुतलं. नखं कापली, नेलपॉलिश पुसलं, केसांतली गाठ न गाठ सोडवली.

सकाळी आम्ही पाळकांसकट पाच जण भाड्याच्या गाडीतून निघालो. नदीवर धुकं होतं. ओळखीचा एक मासेमार ढिवर आपला डोंगा लावून बसला होता. त्याने खोल पण ओढ नसलेली जागा दाखवली आणि वाघीण काल पलीकडच्या काठाला होती असं सहज सांगून तो निघून गेला. पुरुषांना आम्ही वळणाच्या अलीकडे थांबवलं. पलीकडे मी दोन्ही हातांनी चादर धरून पाण्याकडे पाठ केली, आणि आई काठावरच्या दगडावर उभ्या राहिल्या.

बुडीचा पहिला आवाज आला. "केस," आई म्हणाल्या. लांब केस वर तरंगले होते. पुन्हा आवाज. "अजून केस." तिसऱ्या वेळी बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही, आणि मग आई म्हणाल्या, "कोशेर. धरली बुडी." मुलीने पाण्यातूनच हिब्रूत आशीर्वाद म्हटला. दात वाजत होते, शब्द मधेच तुटत होते. मी चादर घेऊन वळले तेव्हा ती वर येत होती. नाकात चमकी नाही, ओठ निळे, आणि तिचा चेहरा इतका कोवळा दिसला की मी चादर तिच्याभोवती दोनदा गुंडाळली. आईंनी दुसरीकडे पाहून चष्मा पुसला.

मग बाबांची पाळी. ते नवीन पांढरा शर्ट-पँट घालून पाण्यात शिरले. शर्टात हवा भरून पाठीवर फुगा झाला. कानातलं यंत्र भिजून चालणार नव्हतं, आणि ते दुसऱ्या कोणाकडे द्यायला ते तयार नव्हते, म्हणून काढून त्याच्या डबीत घातलं आणि डबी उजव्या मुठीत धरली. याचा अर्थ आता त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं, हे पाण्यात उतरेपर्यंत कोणाच्या लक्षात आलं नाही.

पाळकांनी छातीभर पाण्यात उभं राहून गंभीरपणे विचारलं, "तुम्ही सैतानाचा त्याग करता का?"

"सामान गाडीतच हाय," बाबा म्हणाले.

पाळकांनी मोठ्याने पुन्हा विचारलं. बाबांनी गाडीकडे बोट केलं. शेवटी मी काठावरून हातवारे करून हो म्हणा असं सांगितलं, आणि बाबा सगळ्या प्रश्नांना एकदमच हो म्हणाले. पाळकांनी त्यांच्या पाठीमागे हात घातला आणि मागे झुकवलं. बाबांचं वजन पाळकांच्या दुप्पट. शर्टातली हवा निघून गेली तसे बाबा खाली गेले, त्यांनी पाळकांचा गळा पकडला, आणि दोघंही पाण्याखाली दिसेनासे झाले. वर राहिला फक्त बाबांचा उजवा हात, कोपरापासून, डबीसकट.

दोघं खोकत वर आले. बाबांनी यंत्र कानात घातलं आणि काठावरच्या आईंकडे पाहिलं.

"भाऊ, हात राहिला," आई म्हणाल्या. "आमच्यात एक केस राहिला तरी धरत नाहीत."

पाळक म्हणाले, आमच्यात मन पाहतात, झालं आता. पण बाबा हलेनात. "हात बाहेर राह्यला. मंग वरतं नुसतं धड जाईन काय? अन् हात इथी काय करन?"

पाळकांची पंचाईत झाली. एकदाच, असं त्यांनीच ठरवलं होतं. ते भिजलेले, थरथरत, आईंकडे पाहत राहिले. आई म्हणाल्या, आमच्याकडे तीन बुड्या झाल्या तरी तबिला एकच मोजतात. पाळकांनी चेहऱ्यावरचं पाणी पुसलं. मग म्हणाले की तसंही तोंडात पाणी गेल्यामुळे आमेन म्हणायचं राहिलंच आहे, तेव्हा विधी अजून संपलेला नाही. बाबांनी यंत्र पुन्हा डबीत घालून डबी माझ्या दिशेने फेकली, मी ती झेलली, आणि या खेपेला ते स्वतःच खाली बसले. पाळकांनी फक्त डोक्यावर हात ठेवला. पाणी सपाट झालं. मग बाबा वर आले आणि पाळकांच्याही आधी त्यांनीच आमेन म्हटलं.

गाडीपाशी आईंनी डबा उघडला. पोह्यांत गूळ, ओलं खोबरं, वेलची घालून त्यांनी पहाटे उठून केलं होतं. खरा मलिदा, म्हणजे त्यांच्यातला प्रसाद, एलिया संदेष्ट्याच्या नावाने करतात, त्याला प्रार्थना लागते, हा नुसता त्याच्यासारखा, असं त्या म्हणाल्या. पोहे मात्र आमच्याकडच्या धानाचे. एलियाचं नाव ऐकून बाबांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. पाळक टॉवेल गुंडाळून खात होते आणि आईंना विचारत होते की यरुशलेमच्या कुंडांना पायऱ्या असत का.

बाबांना त्याच दुपारी ताप आला. डॉक्टर मुलगी रजेवर जाईपर्यंत रोज संध्याकाळी खाली येऊन त्यांची छाती तपासत होती. तिने त्यांना निदान उन्हाळ्यापर्यंत तरी नदीत उतरू नका असं सांगितलं. बाबांनी ते ऐकलं, कारण यंत्र कानात होतं, आणि पुढच्या रविवारी ते चर्चच्या आत, अगदी पहिल्या बाकावर, स्वेटर आणि मफलर घालून जाऊन बसले.