भाई म्हणाले, खेळ वाढव

शुक्रवार, दिवाळीनंतरचा दुसरा. बीड, मोटार वायंडिंगच्या दुकानावरची खोली.

हजर: मी; माझे धाकटे दीर; त्यांचे भागीदार, ज्यांना सगळे भाई म्हणतात आणि खालचं दुकान ज्यांचं आहे; आणि एजंट. एजंटला हजर धरायचं का यावर दीर आणि भाईंचं एकमत नाही. मी धरते, कारण त्या दिवशीचं काम त्यानेच केलं.

आधी काम काय ते सांगते. त्या खोलीत एक मशीन आहे. त्यावर ठोकळ्यांनी घरं, डोंगर, नद्या बांधायचा एक ऑनलाइन खेळ चालतो. गावोगावची माणसं थोडे पैसे भरून आपापल्या घरून त्यात शिरतात आणि एकाच जगात बांधकाम करतात. खेळ चालू करणं, बंद करणं, गर्दी झाली तर एकाचे दोन करणं, जगाची प्रत काढून ठेवणं, बिघडलं तर जुनी प्रत परत आणणं, अशी त्याची कामं आहेत. पूर्वी दीर ती हाताने करत. आता एजंट करतो. एजंट म्हणजे एआयचा प्रोग्राम. त्याला साध्या मराठीत सांगायचं आणि त्याने योग्य ते काम निवडायचं. कोणतं काम कशासाठी, हे त्याला कळतं ते मी लिहिलेल्या वर्णनांवरून. तेवढ्यासाठी मी नेकनूरहून बसने येते.

त्या दिवशी दुपारी देखभालीसाठी लाईट जाणार होती. त्याआधी खेळ बंद करायचा होता. दीर इन्व्हर्टरची बॅटरी आणायला गेले होते, मी खाली चहा सांगायला. भाई नमाजला निघाले. जाता जाता त्यांनी एजंटला लिहिलं, "लाईट जायच्या आत खेळ वाढव." आणि शटर ओढून गेले.

एजंटने वाढवला. एकाचे दोन केले. दोन्ही खेळ एकाच जगाच्या नोंदी एकमेकांवर लिहीत बसले आणि तेवढ्यात लाईट गेली.

लाईट आली तेव्हा जग उघडलं, पण त्यातला कपिलधारचा धबधबा अर्धा उरला होता. हा धबधबा भाईंच्या धाकट्या बहिणीने बांधलेला. ती तेलगावला सासरी असते. आता त्याच्या जवळ कुणी गेलं की खेळच बंद पडत होता, त्याचा एकट्याचा नाही, सगळ्यांचा.

दिरांनी भाईंनी लिहिलेलं वाचलं. "वाढव कामून लिहिलं बे?"

"मग काय लिहू? बंद कर?" भाई म्हणाले. "माझ्या अब्बांनी उभ्या जन्मात दुकान बंद केलं न्हाई. रोज वाढवलं."

"हे दुकान हाय का?"

"तुझं-माझं पोट चालतंय ना यावर? मग दुकानच हाय."

दीर माझ्याकडे वळले. "वहिनी, तुमीच सांगा याला."

मी काय सांगणार? माझ्याही घरात दुकान वाढवतात, नारळ वाढवतात, आणि हातातली बांगडी फुटली तर ती वाढली म्हणतात. वर्णनात मात्र मी लिहिलं होतं, "खेळ वाढवणे: एकाच्या जागी दोन चालू करणे." तेही बरोबरच होतं. मी दोन वाक्यं जोडली. "वाढव असं सांगितल्यास कोणतंही काम करू नये. बंद करायचं की जास्त करायचं, हे आधी विचारावं."

भाईंनी लगेच परीक्षा घेतली. लिहिलं, "नारळ वाढव." एजंटने विचारलं, "नारळ बंद करायचा आहे की जास्त करायचे आहेत?"

"बघा," भाई म्हणाले, "लई हुशार झाला."

कुणी फारसं हसलं नाही. पडद्यावर एजंटचा दुसरा प्रश्न उभाच होता: "सोमवारची प्रत चांगली आहे. ती परत आणू का?"

दीर म्हणाले, आणा. सोमवारी धबधबा पूर्ण होता. संध्याकाळी माणसं शिरायच्या आत सगळं पूर्ववत होईल.

"थांब," भाई म्हणाले. "सोमवारी घर नव्हतं."

मग त्यांनी घराचं सांगितलं. त्यांची अम्मी या आठवड्यात तेलगावला होती. बीडमधलं त्यांचं जुनं घर रस्त्यात गेलं, तेव्हा बहीण तान्ही होती. तिला ते आठवत नाही. अम्मीने शेजारी बसून सांगितलं, दार इथे, मोरी तिथे, पेरूचं झाड खिडकीला लागून, आणि बहिणीने धबधब्याच्या बाजूला ते बांधलं. घराला काही झालेलं नाही. सोमवारची प्रत आणली तर धबधबा येतो, घर जातं. नाही आणली तर घर राहतं, पण कुणालाच खेळता येत नाही.

"तिला विचारल्याशिवाय हात लावायचा न्हाई," भाई म्हणाले.

"मग विचार की."

"मी न्हाई विचारणार. वहिनी, तुमी विचारा. तुमी नीट लिहिता."

मी फोन लावला. वाजत राहिला. तिच्या सासरी कापसाची वेचणी चालू आहे, फोन घरात असणार. संदेश लिहायला घेतला. "घर काढलं तर चालेल का" लिहिलं, पुसलं. "धबधबा की घर" लिहिलं, तेही पुसलं. उठले, पंखा लावला, थंडी वाजली म्हणून बंद केला. दीर पायऱ्यांवर जाऊन आले, परत गेले. भाई एकच स्क्रू पुन्हा पुन्हा आवळत बसले.

बसची वेळ झाली तशी मी निघाले. हे बसमध्ये लिहिते आहे. बॅटरी आली. वर्णन सुधारलं, तपासलं. खेळाच्या दारावर "आज संध्याकाळी बंद" अशी पाटी लागली, भाईंनी तोंड फिरवलं तेव्हा दिरांनी लावली. "जुनी प्रत आणणे" या कामाखाली मी नवी ओळ घातली, "आधी ज्याचं बांधकाम जाणार आहे त्याला विचारावे."

बाकी: तिला विचारणे.