टेक्ससच्या रेडिओवर आमचा खलबत्ता

माझ्या सुनेनं माझ्या बायकोचा खलबत्ता विकला, असं मी बरेच महिने धरून चाललो होतो. कुणी पुरावा मागितला असता तर त्याला मी घराबाहेर काढलं असतं. (घर मुलाचं आहे, पण आवाज माझा मोठा आहे.)

खलबत्ता लोखंडी, कमळच्या माहेरचा, काठाला एका जागी टवका उडालेला. आम्ही दोघं पहिल्यांदा मुलाकडं, महेशकडं, टेक्ससमधल्या फ्रिस्कोला आलो तेव्हा तिनं माझे कपडे बॅगेतनं काढले आणि त्या जागी तो घातला.

"अगं, माझ्या विजारी?" मी म्हणालो.

"दोन विजारी कमी न्या. अमेरिकेत कोण बघतंय तुमच्याकडं?"

"मग खलबत्त्याकडं कोण बघतंय?"

"चटणी खाणारा बघतो."

विमानतळावरच्या अधिकाऱ्यानं मात्र खलबत्त्याकडं चांगलंच बघितलं. ते दिवसच असे होते की लोखंडाचं काही दिसलं की सगळे दोन पावलं मागं सरकायचे. कमळनं डाव्या तळहातावर उजवी मूठ आपटून कुटून दाखवलं. त्यानं एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं बघितलं आणि जा म्हणाला. मला वाटतं, त्याला माझी दया आली.

घरी मृणालनं, म्हणजे सूनबाईनं, पहिल्याच दिवशी सांगितलं, "आई, प्लीज, काउंटरवर नको हं. ग्रॅनाइट क्रॅक होईल." तेव्हापासून कमळ मागच्या अंगणातल्या सिमेंटवर पोतं टाकून कुटायला बसायची. सहा महिन्यांनी परत निघताना बॅग उचलली तर हलकी लागली. मी विचारलं, "खलबत्ता?"

"राहू दे हितंच. पुढल्या वर्षी यायचंच हाय."

पुढलं वर्ष आलं, ती आली नाही. सांगलीला भाजी निवडता निवडता गेली. अर्धी मेथी निवडलेली, अर्धी तशीच. ती मेथी मी किती दिवस टाकू दिली नाही ते सांगत नाही, लोक हसतील. मग महेश येऊन मला घेऊन गेला.

फ्रिस्कोच्या घरात शिरलो तो बूट न काढता आधी स्वयंपाकघरात गेलो. तिची या घरात राहिलेली वस्तू म्हणजे तेवढी एकच. खालची फळी बघितली, वरची बघितली. नाही.

"मृणाल, खलबत्ता कुठाय?"

"इथेच असेल ना अप्पा. आईंनी कुठेतरी ठेवला असेल."

"कुठंतरी म्हणजे? सुई हाय काय ती?"

तिनं महेशकडं बघितलं, महेशनं फ्रिजकडं बघितलं. तिथंच माझा संशय जन्माला आला. आणि दोन दिवसांनी कळलं की मधल्या काळात या बाईनं गॅरेज सेल केला होता. म्हणजे घरातलं नको झालेलं सामान दारात मांडायचं आणि येणाऱ्या जाणाऱ्याला विकायचं. आमच्याकडं याला दिवाळं निघणं म्हणतात.

"काय काय विकलंस?"

"एक लँप, महेशची ती व्यायामाची सायकल, थोडे कप. खलबत्ता नाही विकला, अप्पा. शपथ."

"मी कुठं म्हणालो विकलास म्हणून?"

"तुम्ही तीन वेळा लँपचं वजन विचारलंत."

यानंतर मी तपास सुरू केला. शनिवारी महेशला गाडी काढायला लावायचो आणि लोकांच्या गॅरेज सेलवर फिरून टेबलाखाली वाकून बघायचो. इथल्या मराठी मंडळातल्या एका घरी सत्यनारायण होता, तिथं चटणी चाखली आणि मला वास आला की ही कुटलेली आहे. उठलो आणि त्यांच्या ओट्याखालचं कपाट उघडलं. घरच्या बाई मागं उभ्या. म्हणाल्या, "काका, बाथरूम तिकडे आहे." परत येताना गाडीत मृणाल एक शब्द बोलली नाही. मी मनात म्हटलं, बघा, चोराच्या मनात चांदणं.

आता शेजारी. कुंपणापलीकडं डेल नावाचा माणूस राहायचा. साठीचा, पांढरी दाढी, मोठी टोपी, टाचेचे बूट. त्याच्या बापाचं तिथं शेत होतं म्हणे. आमच्यासारख्यांची घरं उठत गेली आणि शेत उठलं, हा राहिला. दिवसभर घरीच. माझा नियम आहे, जो पुरुष कामाच्या दिवशी दुपारी घरी असतो त्याच्यावर नजर ठेवावी. (मीही घरीच असतो, पण मी नजर ठेवायच्या कामावर असतो.) पहिल्या खेपेलाच मी कमळला बजावलं होतं, "त्या टोपीवाल्याकडं बघू नगंस."

"मी कशाला बघती? तुम्हीच बघताय दिवसभर."

तर आता मी एकटा आलेला बघून हा डेल कुंपणाशी यायला लागला. काहीतरी इंग्रजी बोलायचा, आमच्या अंगणाकडं बोट दाखवायचा आणि मग डाव्या तळहातावर उजवी मूठ आपटायचा. धप्, धप्. मी घाबरत नाही, पण आत जाऊन कडी लावली.

रात्री जेवताना महेशला म्हणालो, "शेजारचा मला मारायची धमकी देतोय."

"डेल? अप्पा, तो गाणी म्हणतो."

"गाणी म्हणणाऱ्याला हात नसतात काय?"

"तुमच्याशी बोलायचं असेल त्याला काहीतरी. मी विचारतो कधीतरी."

ते कधीतरी काही आलं नाही. इथं शेजार म्हणजे गॅरेजचं दार. दार वर जातं, गाडी आत जाते, दार खाली येतं. शेजाऱ्याचं तोंड बघायचं तर त्याच वेळी त्याचंही दार वर पाहिजे.

मग एका शनिवारी सकाळी महेश दारात गाडी धूत होता आणि गाडीतला रेडिओ चालू होता. इथं एक स्टेशन होतं, शनिवारी ते आसपासच्याच गावच्या गवयांची गाणी लावायचं, गिटारची, शेताभाताची, सोडून गेलेल्या बायकांची. महेश म्हणाला, "अप्पा, ऐका, आपल्या डेलचं गाणं लागतंय. आज त्याचा नवा अल्बम येतोय म्हणे."

गाणं सुरू झालं. गिटार वाजली. डेल घोगऱ्या आवाजात काहीतरी रडायला लागला. आणि त्याच्या मागून आलं, धप्, धप्, खर्र, टिण्.

माझ्या हातातला कप तसाच राहिला.

कमळ कुटायची ती असंच. दोन दणके, मग बत्ता तळाशी एकदा गोल फिरवायचा, मग चिकटलेलं पडायला काठावर एक टोला. टवक्याच्या जागी टोला बसला की टिण् जरा बोबडा यायचा. हा बोबडा होता.

"महेश, हा खलबत्ता आहे."

"ड्रम्स आहेत, अप्पा."

"ड्रम खर्र करतो काय?"

"असेल एखादं वाद्य."

"वाद्य नाही, तुझी आई आहे ती. लहानपणापासनं चटणी खाल्लीस, आवाज ओळखू येत नाही तुला?"

महेशनं पाण्याची नळी खाली ठेवली. हळूच हात घालून रेडिओ बंद केला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अप्पा, इथे एक चांगले डॉक्टर आहेत. मराठीच आहेत. नुसतं बोलायचं त्यांच्याशी."

आत जाऊन मी जाहीर केलं की खलबत्ता शेजाऱ्यानं चोरलाय आणि तो मिळेपर्यंत मी जेवणार नाही. महेश समजूत काढायला बसला, तेवढ्यात मृणाल पर्स आणि गाडीची किल्ली घेऊनच खाली आली.

"चला."

"कुठं?" महेश म्हणाला.

"त्याच्या अल्बम रिलीजला. इतके महिने मी या घरात चोर म्हणून पोळ्या लाटतेय. मला क्लीन चिट हवी आहे."

प्रकाशन म्हटल्यावर मला वाटलं, हार असतील, नारळ असेल, एखादा अध्यक्ष बोलायला उठला की बसणार नाही. होतं ते बार्बेक्यूचं, म्हणजे निखाऱ्यावर मांस भाजायचं हॉटेल, पत्र्याचं, धुरानं भरलेलं. गवताचे भारे रचलेले, त्यावर सीडींचा ढीग आणि जिकडं तिकडं टोप्या. मृणाल शाकाहारी, तिनं नाकाला ओढणी लावली. गाणं चालू झालेलं होतं. मी टोप्यांमधनं वाट काढत पुढं गेलो आणि बघतो तर काय, स्टेजवर उंच स्टुलावर आमचा खलबत्ता. पुढ्यात त्याची मुलाखत घ्यावी तसा माईक लावलेला. आणि एक आडदांड माणूस त्यात रिकामाच कुटत होता, बत्ता उलटा धरून.

चोरीचं एक वेळ मी सहन केलं असतं. पण बत्ता उलटा?

मी स्टेजवर चढलो, त्याच्या हातातनं बत्ता काढून घेतला, खल उचलून पोटाशी धरला आणि निघालो. माईक त्याला चिकटपट्टीनं बांधलेला होता हे मला काय माहीत? माईकमागं वायर आली, वायरीमागं लोखंडी दांडा आला, दांड्यानं एक खोका पाडला आणि त्या खोक्यानं जी शीळ घातली ती सांगलीला ऐकू गेली असेल. गाणं बंद पडलं. लोकांना वाटलं हाही कार्यक्रमाचाच भाग, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

डेल माझ्यासमोर आला. डोक्यावरची टोपी काढली आणि म्हणाला, "कमल?"

परक्या माणसाच्या तोंडी तिचं नाव. मी बत्ता वर उचलला. मृणाल मध्ये आली म्हणून पुढचं टळलं.

डेल तिला सांगत गेला, ती मला मराठीत सांगत गेली. पहिल्या खेपेला कमळ अंगणात कुटायची, हा पलीकडं गिटार घेऊन बसायचा. एक दिवस त्यानं तिच्या ठेक्यावर वाजवलं. ती थांबली, तो थांबला. तिनं परत दोन दणके घातले, त्यानं परत वाजवलं. मग रोज दुपारी, मी झोपलेला असताना, त्याच्या गॅरेजात रेकॉर्डिंग. हिला इंग्रजी येत नाही, त्याला मराठी येत नाही, भांडणाचा प्रश्नच नाही. निघताना तिनं खलबत्ता त्यालाच ठेवायला दिला, परत येईन म्हणून खुणेनं सांगितलं.

"तो विचारतोय अप्पा, त्या कुठे आहेत? म्हणे तुम्हाला कुंपणावरून कितीदा विचारलं, कुटून दाखवलं, तुम्ही आत पळून जायचात."

"पळून नाही गेलो. आत काम होतं."

"काय सांगू त्याला?"

"सांग की खरं."

मृणालनं सांगितलं. डेल स्टुलावर बसला. टोपी गुडघ्यावर ठेवली आणि बाहीनं डोळे पुसले. ते बघून मला बरं वाटलं नाही. कमळसाठी रडणारा या देशात मी एकटाच, असा माझा समज होता.

मग तो उठला आणि तिचं स्वतःचं रेकॉर्डिंग मोठ्या स्पीकरवर लावलं. धप्, धप्, खर्र, टिण्. गाणं शेवटाला आलं, गिटार थांबली, ठेका थांबला आणि स्पीकरमधनं आमची कमळ बोलली.

मी खल घट्ट धरला. डेल हळू आवाजात म्हणाला (मृणालनं मला सांगितलं) की हा तिचा आशीर्वाद आहे, प्रत्येक रेकॉर्डिंगनंतर ती हेच म्हणायची. सीडीच्या पाठीवर त्यानं तसं छापलंय. समोर बऱ्याच जणांनी टोप्या काढून छातीशी धरल्या होत्या. एक म्हातारी डोळे पुसत मृणालला म्हणाली, "याचा अर्थ काय, बाळ?"

मी म्हणालो, "मृणाल, घरी चल."

मृणालनं माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत गॅरेज सेल होता, सत्यनारायण होता, लँपचं वजन होतं. तिनं माईक हातात घेतला आणि टेक्ससला इंग्रजीत समजावून सांगितलं की स्वर्गीय सासूबाई म्हणतायत, "चला, आमचं म्हातारं उठलं असंल. चहा न्हाई मिळाला तर घर डोक्यावर घील."

इतकं हसलेलं हॉटेल मी पाहिलेलं नाही. मला फुकट जेवण मिळालं, त्यात मला खाता येण्यासारखं फक्त मक्याचं कणीस होतं.

खलबत्ता आता घरी आहे, ग्रॅनाइटवर. मृणालनंच ठेवला. डेलचा कार्यक्रम असला की मागून नेतो, आणून देतो, आणि बत्ता सुलटा धरायला मी त्यांच्या त्या आडदांडाला शिकवलंय. ते गाणं लोक त्या स्टेशनकडं फार मागायला लागलेत. मराठी मंडळींनीही ऐकलं. मंडळात आता नमस्कार बंद झालाय, जो तो मला विचारतो, "काका, उठलात का?"

रेडिओवर ते साधारण शनिवारी लागतं. मी जागाच असतो, तरी तोंडावर पांघरूण घेऊन पडून राहतो. संसार होता तोवर तिची एकही हाक मी पहिल्या वेळेला ऐकली नाही. आता ती स्पीकरमधनं म्हातारं उठलं असंल म्हणते आणि मी त्याच क्षणी उठतो, गुमान स्वयंपाकघरात जातो, चहा ठेवतो आणि पहिला घोट घेतला की मला कळतं, चाळीस वर्षं ती माझ्यासाठी नाही, माझ्या हातचा चहा प्यायची वेळ कुणावर येऊ नये म्हणून धावत येत होती.